वारा कुठे अडला

सारीबुलाकच्या वाटेवर भर दुपारी उंटही चालत नाहीत. उन्हाकडे तोंड करून नुसते उभे राहतात, आणि लांबून पाहिलं तर त्यांचे पाय कुणी पुसून टाकल्यासारखे दिसतात. पोटं तेवढी हवेत तरंगत असतात. कामशात गाडीच्या पुढच्या सीटवर मान मागे टाकून त्या बिनपायांच्या उंटांकडे बघत होती. तिचंही पोट तसंच पुढे तरंगत होतं. सातवा महिना होता आणि शिल्दे लागली होती. शिल्दे म्हणजे उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस, ज्यांत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही आणि ज्याला पडावंच लागतं त्याला शहाणपण शिकवायला कुणी जात नाही.

किझिलोर्दा शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडून तिघं परत निघाली होती: कामशात, गाडी चालवणारा तिचा नवरा सागिंदिक, आणि मागे कलिंगडांच्या मधोमध बसलेली सासू, उलबाला-आपा. निघताना एसी बारीक का होईना, पण गार फुंकत होता. मग सिर-दर्या नदीचं वळण मागे पडलं, रस्ता दोरीसारखा सरळ झाला आणि समोरच्या जाळीतून येणारी झुळूक तान्ह्या लेकराच्या श्वासाएवढी उरली. थोड्या वेळाने तीही थांबली. आतला पंखा मात्र जीव खाऊन ओरडत होता.

"येतोय का वारा?" सागिंदिकने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"येतोय," कामशात म्हणाली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, बोलायचाच कंटाळा आला म्हणून.

तिचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढेही तोच रस्ता होता, फक्त तिथे गाडी नव्हती आणि ऊन दुधासारखं पांढरं, मऊ होतं. पुढे एक कुत्रं पळत होतं. त्याच्या गळ्यात काहीतरी फडफडत होतं आणि ते फडफडलं की खोल विहिरीतून यावा तसा गारवा तिच्या तोंडावर येई. ती अनवाणी त्याच्या मागे धावत होती, पोट अजिबात जड लागत नव्हतं. हात पुरणार, एवढ्यात कुत्र्याने वळून पाहिलं. त्याचे डोळे ओळखीचे होते. कुणाचे, ते काही आठवेना.

मग तोंडावर पाणी पडलं. गाडी रस्त्याकडेला उभी होती, दार सताड उघडं होतं, आणि सागिंदिक बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतत होता. निम्मं पाणी सीटवर सांडत होतं.

"ओवाळून टाकते गं माझा जीव तुझ्यावरून, डोळे उघड," आपा डोक्याच्या रुमालाने वारा घालत म्हणत होती. "उघडले बघ. उघडले. बाळ हलतंय का? सांग ना, हलतंय का?"

हलत नव्हतं. तिघंही वाट पाहू लागली. दूर उंट तसेच तरंगत उभे होते. मग आतून एक लहानशी ढुशी बसली, रागावल्यासारखी, आणि तिघांच्या जिवात जीव आला. आपा खाली वाकली तर गाडीखाली हे एवढं डबकं साचलेलं.

"गाडी पण रडली वाटतं," ती म्हणाली.

गंमत म्हणजे पुन्हा निघाले तेव्हा एसी परत गार फुंकू लागला, जणू काही झालंच नव्हतं. गावची पाण्याची टाकी दिसेपर्यंत त्याने फुंकलं आणि टाकी दिसताच पुन्हा मान टाकली.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. रक्तदाब वर चढतोय, दर गुरुवारी दाखवायला यायचं आणि उन्हात तापायचं नाही. तापायचं नाही म्हणजे नाहीच. याआधी दोनदा कामशातची कूस भरून रिकामी झाली होती, त्यामुळे बाईंनी हे सांगताना आवाज चढवला नव्हता. तो मऊच ठेवला होता, आणि त्याचीच कामशातला जास्त भीती वाटली होती. घरी आल्यावर सागिंदिकने चहाचा पहिला घोट घेतला आणि निकाल देऊन टाकला.

"येत्या गुरुवारपर्यंत एसी सुधारला तर ठीक. नाहीतर तुला शहरात झेयनेप-आत्याकडे ठेवतो. मोकळी झालीस की आणीन."

"दोन महिने?"

"दोन तर दोन."

एवढंच बोलून तो उठला. कामशात त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आत्याच्या घरी जायचं दुःख नव्हतं. आत्या बोलघेवडी असली तरी मायेची होती. दुःख वेगळंच होतं. हा माणूस या बाळाविषयी एक शब्द बोलत नसे. पहिल्या वेळी त्याने पाळण्याचं लाकूड स्वतः तासलं होतं. दुसऱ्या वेळी नावं शोधली होती. दुसऱ्यांदाही घर सुनं राहिलं तेव्हा तो म्हणाला होता, "राहू दे आता कामशात. आपण दोघं बरे आहोत." यंदा दिवस राहिल्याचं तिने सांगितलं, तर "बरं" म्हणाला आणि भातखाचरांच्या पंपावर कामाला निघून गेला. सात महिन्यांत त्याने तिच्या पोटाला एकदाही हात लावला नव्हता. याला हे मूल हवंय तरी का, असा प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडत होता आणि तो विचारायची सोय नव्हती. आता तर दोन महिने ती त्याच्या नजरेसमोरही नसणार होती.

पण गाडीच्या मागे मात्र तो हात धुऊन लागला. पंपावरून आला की उन्हाने झोडपून निघालेला चेहरा न धुताच बॉनेट उघडायचा. पुढची जाळी पाण्याने धुतली. त्यातून टोळ, गवत आणि एक आख्खी पाकोळी निघाली. पट्टा ताणला. वायरी एकेक करून घासल्या. कुंपणावर शेजारी जमायचे आणि सल्ले द्यायचे. गॅस गेलाय म्हणाले. कॉम्प्रेसर बसलाय म्हणाले. एकजण म्हणाला, मुळात परदेशी गाडीला आपलं ऊन सोसतच नाही, त्यापेक्षा घोडी घे. उंटावरच्या शहाण्यांची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती. उंट तर आहेतच.

आपाचं निदान सगळ्यात सोपं होतं. "नजर लागलीय," ती म्हणाली आणि तव्यावर अद्रास्पान या रानझुडपाच्या काड्या पेटवून धूर करत गाडीभोवती फिरू लागली.

"आपा, गाडीला नजर लागत नाही. गंज लागतो," सागिंदिक बॉनेटखालून ओरडला.

"तुला काय कळतंय! शिकलास, यंत्रं फिरवायला लागलास आणि वाडवडिलांचं सगळं थोतांड झालं. गेल्या साली आल्दियारच्या चाळिशीला मी घसा कोरडा करून सांगत होते, ते झबलं आपल्या कामशातसाठी ठेवा म्हणून. कुणी ऐकलं? कुत्रं गेलं झाडोऱ्यात पळून."

"बायकांचे खेळ ते," सागिंदिक म्हणाला आणि आणखी खाली वाकला.

आल्दियार हा धाकट्या दिराचा मुलगा. त्याचं पहिलं झबलं कामशातनेच शिवलं होतं. अख्ख्या गावचं शिवण तिच्याकडे असे, मग घरचं कुणाकडे जाणार? आपाच्या जुन्या पांढऱ्या रुमालाचं कापड घेतलं, रीतीप्रमाणे कडा न दुमडता मोकळ्या ठेवल्या, शिवणी बाहेरच्या बाजूला. बाळाने चाळीस दिवस ते झबलं घातलं. चाळिसाव्या दिवशी त्यात गोड खाऊ बांधून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं आणि गावची पोरं आरडाओरडा करत कुत्र्यामागे धावली. खाऊ पोरांचा, आणि झबलं जिची कूस उजवत नाही तिचं, तिच्या नकळत तिच्याजवळ ठेवायचं. पण कुत्रं वेशीबाहेर सुसाट गेलं. पोरं हात हलवत परत आली. कामशातने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं, आणि मग शिवणयंत्रापाशी बसून सुई ओवण्याचं निमित्त करून डोळे पुसले होते.

मंगळवारी सागिंदिक तिला आणि गाडीला घेऊन ओरिनबेककडे गेला. ओरिनबेक बाजाराच्या टोकाला गाड्यांचे एसी बघायचा. जाडजूड, घामाघूम माणूस. सगळ्या दुनियेला गारवा देऊन स्वतः मात्र पत्र्याखाली शिजत बसायचा.

"या साके, या. वहिनी, तुम्ही इकडे पंख्यासमोर बसा," तो म्हणाला. सागिंदिकला तो आदराने साके म्हणे. मग गाडी सुरू ठेवून त्याने नळ्या जोडल्या आणि काट्यांकडे डोळे बारीक करून बघितलं. बराच वेळ तो स्वतःशीच गुणगुणत होता. गाडी घरघरत होती, पंखा मान फिरवत होता, आणि कामशातला पेंग येत होती. अर्धवट झोपेत तिला वाटलं, ही माणसं गाडीचं नव्हे, आपलंच पोट तपासतायत. आता ओरिनबेक मान वर करून सांगेल, की आत सगळं ठीक आहे.

"आत सगळं ठीक आहे," ओरिनबेक म्हणाला.

ती दचकून जागी झाली.

"गॅस भरपूर. कॉम्प्रेसर घोड्यासारखा पळतोय. ही नळी बघा साके, हात लावा. बर्फ! म्हणजे गारवा तयार होतोय. पण आत पोचवणारा वारा कमी पडतोय. वारा कमी पडला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ धरला की उरलासुरला वाराही बंद. गाडी थांबवली की बर्फ वितळतो, खाली डबकं होतं, आणि पुन्हा थोडा वेळ बरं. असंच होतंय ना?"

"अस्संच," कामशात म्हणाली.

"मग वारा कुठे अडलाय तेवढं शोधायचं. आतला फिल्टर बघितलात?"

"बदललाय," सागिंदिक म्हणाला.

"कधी?"

"वसंतात." हे बोलताना तो गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"तरी एकदा बघू की. काय लागतंय? वहिनींच्या सीटपुढचा हा खण, दोन्ही बाजूंनी दाबला की खाली येतो. त्याच्या मागेच तर आहे." ओरिनबेकने हात पुढे केला.

"राहू दे!" सागिंदिक इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला. "सांगितलं ना, बदललाय म्हणून."

ओरिनबेकने हात मागे घेतला. "मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कॉइल बाहेर काढू, धुऊ. गाडी ठेवून जा."

"डॅशबोर्ड नको."

"डॅशबोर्ड नको, खण नको. मग काय साके, बाहेरून फुंकर मारू?"

सागिंदिकने गाडी वळवली.  कामशातच्या गुडघ्यांपुढे तो खण होता. आजवर तिने त्यात गोळ्यांची पाकिटं आणि रुमाल याखेरीज काही ठेवलं नव्हतं. आता मात्र त्याच्या मागून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं तिला वाटू लागलं.

घरी येऊन ती शिवायला बसली, पण हात चालेनात. पाय यंत्रावर आणि मन रस्त्यावर. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी ती सगळी याच गाडीतून तुर्किस्तान शहरातल्या दर्ग्याच्या दर्शनाला गेली होती. तेव्हा एसी इतका गार होता, की आपा वाटभर कुरकुरत होती. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात गाडीचा हीटरही नीट येत नव्हता. पाय आखडायचे म्हणून तिने गोधडी ठेवली होती. सागिंदिक म्हणाला होता, जुनी गाडी, असंच चालायचं. म्हणजे गार वाराच नव्हे, गरम वाराही अडत होता. उन्हाळ्याने काही बिघडलं नव्हतं. त्या दर्शनानंतर आणि थंडीच्या आधी कधीतरी काहीतरी झालं होतं, आणि फिल्टर खरंच वसंतात बदलला असेल, तर त्यानंतर तरी वारा यायला हवा होता.

ती उठून गाडीच्या शेडमध्ये गेली. सागिंदिक जुनी वस्तू कधी टाकत नसे. भिंतीवर खिळ्यांना जुने पट्टे, जुने प्लग, तेलाच्या चेपलेल्या चाळण्या, सगळं ओळीने टांगलेलं होतं. घरातली माणसं एवढी नीट टांगून ठेवता आली असती तर यानेच ठेवली असती. वाऱ्याचा जुना फिल्टर मात्र तिथे कुठेच नव्हता. म्हणजे बदललाच नव्हता. नवरा खोटं बोलला होता, आणि तेही अशा गोष्टीबद्दल, जिच्यावर तिचा आणि बाळाचा जीव टांगलेला होता.

 पुरुष माणूस खणामागे काय लपवतो? बाटली? कुणाचा फोटो? की दुसरंच काही, जे बायको दोन महिने आत्याकडे गेल्यावर निवांत बाहेर काढता येईल? नाही नाही ते मनात आलं. भरल्या पोटाच्या बाईने असले विचार करू नयेत म्हणतात, पण विचारांना कुठे कुंपण असतं.

सागिंदिक पंपावर गेला होता, आपा दुपारची पडली होती. गाडीत बसणं म्हणजे तंदूरमध्ये बसण्यासारखंच होतं. तिने दारं उघडी टाकली, सीटवर टेकली, आणि ओरिनबेकने दाखवलं तसा तो खण दोन्ही बाजूंनी दाबला. तो हळूच खाली आला. मागे एक काळं झाकण होतं. त्याचा खटका बोटाने उचलून तिने ते ओढलं.

फिल्टर होता. जुनाच होता. आणि त्याच्यावर, आत ओढून घेतल्यासारखं सपाट बसलेलं, धुळीने करडं पडलेलं एक फडकं होतं.

तिने ते दोन बोटांनी सोलून काढलं. फडकं नव्हतं. दोन इवल्या बाह्या होत्या. कडा न दुमडलेल्या, शिवणी बाहेरच्या बाजूला. गळ्यापाशी पांढरा दोरा संपल्यावर तिनेच निळ्याने घातलेले टाके होते. तेव्हा आपा म्हणाली होती, अगं निळा कशाला, आणि ती म्हणाली होती, बाळाला काय कळतंय. एका बाहीवर दातांनी फाटलेलं भोक होतं.

कामशात ते झबलं मांडीवर पसरून बसून राहिली. शेडच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, तीत धूळ हळूहळू वर जात होती. त्या धुळीत तिला गेल्या शरदातली संध्याकाळ दिसली. आल्दियारच्या चाळिशीची. पाहुणे उठून गेले होते, ताटं गोळा होत होती, तेव्हा सागिंदिक दारात आला होता. गुडघ्यावर पँट फाटलेली, पोटरीतून रक्त, दाढीत कुसळं. पंपाच्या शिडीवरून पडलो म्हणाला. आपाने जखम धुतली. कामशातने पँट शिवून दिली, आणि शिवताना तिला रागही आला होता, की आजच्या दिवशी तरी हा माणूस पंपावर कशाला तडमडला.

शिडीवरून पडला नव्हता. हा चाळिशीतला, भारदस्त, बायकांचे खेळ म्हणून नाक मुरडणारा माणूस, पोरं दमून परतल्यावर एकटाच त्या कुत्र्यामागे रानोमाळ धावला होता. आणि मिळवलेलं झबलं घरात ठेवायची सोय नव्हती, कारण आपा रोज कपाटं उपसते. मग त्याने ते तिथे ठेवलं, जिथे कामशात रोज बसते. तिच्या पोटाच्या अगदी समोर, चार बोटांवर. आणि मग तिला दिवस राहिले. आता ते कसं काढणार? वारा अडतोय हे त्याला ओरिनबेकच्या आधी कळलं असणार. रोज तो बॉनेट उघडायचा, सगळं उपसायचा आणि तेवढा एक खण सोडायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या बापड्याला कळसा कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि तरी तो वळसा घालत होता.

कामशात रडली. मोठ्याने, तोंडात रुमाल कोंबून, सात महिन्यांचं एकदम. त्याला बाळ हवं होतं. इतकं हवं होतं की बोलायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती.

मग तिने डोळे पुसले, फिल्टर दारापाशी आपटून झटकला, परत बसवला, खण लावला आणि किल्ली फिरवली. समोरच्या जाळीतून आधी धुळीचा भपका आला, मग असा वारा आला की तिच्या कपाळावरचे केस उडाले. कुत्र्याच्या स्वप्नातला गारवा तो हाच.

गुरुवारी सकाळी तिघं निघाली. आपा शुबाताची, म्हणजे उंटिणीच्या आंबवलेल्या दुधाची, कळशी मांडीवर धरून मागे बसली. शहरात आत्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? कामशातचं बोचकंही डिकीत होतं. आदल्या रात्रीच सागिंदिकने ते न बोलता बांधलं होतं.

गाडी वेशीबाहेर पडली तशी कामशातने एसी लावला. वारा भसकन आत शिरला. आपाचा रुमाल डोक्यावरून उडून पाठीवर गेला.

सागिंदिकचे हात स्टिअरिंगवर थिजले.

"ओरिनबेक आला होता का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कुणी केलं?"

"काय केलं? वारा आला, झालं. तुलाच तर हवा होता ना वारा?"

 गार वाऱ्यातही त्याच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला. कामशातने ठरवलं होतं, सात महिने जळवलंय, निदान शहर येईपर्यंत तरी याला तडफडू द्यायचं. पण रेल्वेचे रूळ ओलांडले आणि त्याने गाडी कडेला घेतली. उतरला. चाक बघतोय असं दाखवत वळसा घालून तिच्या दारापाशी आला, दार उघडलं, आणि खालमानेने म्हणाला, "जरा पाय घे. हा खण हलतोय वाटतं."

त्याने खण दाबून खाली घेतला, आत हात घातला. चाचपला. पुन्हा चाचपला. मग त्याने मान वर केली, आणि कामशातला स्वप्नातले ते डोळे कुणाचे होते ते आठवलं.

तिच्याने राहवलं नाही. तिने त्याचा तेलकट हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. झग्याच्या आत, कातडीला लागून, टाचणीने नीट अडकवलेली एक घडी त्याच्या बोटांना लागली.

"इथे आहे," ती म्हणाली.

त्याने हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. तिने घेऊ दिला नाही.

"तू पाहिलंस ते?" त्याने विचारलं. "जिच्यासाठी ठेवायचं तिने बघू नये म्हणतात."

"मीच शिवलंय ना ते? माझ्याच हातचं मी पाहिलं तर काय होतंय?"

"मी काढणार होतो गं. तू बेशुद्ध पडलीस त्या दिवशी तर रात्रभर शेडमध्येच बसलो होतो. खण उघडायचो, पुन्हा लावायचो. काढलं आणि काही झालं तर? ठेवलं आणि उन्हाने काही झालं तर? म्हणून म्हटलं तुला आत्याकडे ठेवावी. तिथे तरी..."  तो रस्त्यावर तसाच गुडघ्यांवर बसला.

"कुत्रं फार पळालं का रे?"

"इथवर. या रुळांपर्यंत," त्याने नाक पुसलं. "डब्यातलं मटण टाकलं पुढे. मटण खाल्लं आणि वर मला चावलं."

मागून आपाचा आवाज आला. दोघंही विसरलीच होती, की ती मागे बसलीय.

"मला तेव्हाच वाटलं होतं. शिडीचे दात काही एवढे बारीक नसतात," ती रुमाल सारखा करत म्हणाली. "आता दार लावा. गारठून मारता का म्हातारीला? आणि एवढा वारा रानाला वाटायला जास्त झालाय होय?"

कामशात हसली, आणि ती हसली तशी आत बाळाने जोरात ढुशी दिली, बरोब्बर त्या घडीखाली. सागिंदिकचा हात तिथेच होता. त्याचा चेहरा असा झाला, की आपाने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

मग तो उठला, दार लावलं, फिरून आपल्या जागी येऊन बसला. गाडी सुरू झाली. दूर उंट तरंगत होते, रस्त्यावर खोटं पाणी चमकत होतं आणि आतला वारा एकसारखा वाहत होता. शहर येईपर्यंत सागिंदिकने गाडी एका हाताने चालवली.